अर्धी भरलेली बॅटरी

लाइट गेली की आमची नात लॅपटॉप छातीशी धरून घरभर फिरते. बॅटरी उतरली, काम जतन केलं नाही, आता कसं होणार, हे तिचं पालुपद. मी खाटेवर पडल्या पडल्या म्हणतो, होईल गं काहीतरी. तिला वाटतं, म्हाताऱ्याला यातलं काही कळत नाही. मला यातलं इतकं कळतं की आता त्याचा कंटाळा आला आहे. बॅटरी हा शब्द ऐकला तरी माझा उजवा खांदा ठणकायला लागतो.

कारण आमच्या घरची बॅटरी मी वाहिलेली आहे. महाराष्ट्र राज्य होऊन फार वर्षं झाली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. आम्ही देऊळघाटाच्या जवळच्या एका गावात राहायचो. शेती होती, विहीर होती, विजेचा खांब मात्र अजून आमच्या शिवारात आला नव्हता. एका बऱ्या सालात बाबांनी खामगावला कापूस विकला आणि येताना रेडिओ आणला. रेडिओबरोबर बॅटरी आली. मोटारीला असते तशी, काळ्या डब्याची, आत तेजाब, वर शिशाच्या दोन खुंट्या. घरात पाहुणा यावा आणि त्याच्याबरोबर त्याचा आजारी भाऊ यावा, तसं झालं. रेडिओचं कौतुक बाबांकडं गेलं आणि बॅटरीचं दुखणं माझ्याकडं.

बॅटरी भरून आणायची ती बुलढाण्याला. सायकलच्या कॅरेजवर गोणपाट टाकायचं, त्यावर बॅटरी सुतळीनं आवळायची आणि निघायचं. रस्ता खडीचा. खड्ड्यात चाक गेलं की झाकणातून तेजाब उडायचं. माझा एकही पायजमा धड राहिला नव्हता, मागून सगळ्यांना चाळणीसारखी भोकं. चढ आला की उतरून ढकलायची, उतार आला की उजवा हात मागं नेऊन दाबून धरायची. बसवाले तेजाबाची बॅटरी घेऊ देत नसत. दुकानात ठेवून हात हलवत परत यायचं, दोन दिवसांनी पुन्हा जायचं. आणून जोडली की बाबा बातम्या, बाजारभाव, शेतीचं भाषण, जे लागेल ते ऐकायचे. आठ-दहा दिवसांत आवाज बसायचा आणि ये रे माझ्या मागल्या.

त्यात बुलढाण्याची लाइट म्हणजे मर्जीची. दुकानात गेलं की दुकानदार बाकावर आडवा. बॅटऱ्या रांगेनं मांडलेल्या, सगळ्या उपाशी.

"भरली का हो?"

"कायची भरते! लाइनच नाही सकाऊनपासून. मी काय तोंडानं फुंकून भरू?"

मी तिथंच पायरीवर बसायचो. राग यायचा, पण कोणावर काढणार? लाइटीला का तोंड असतं.

आमची माय गायची. शिकलेली नव्हती, पण भाद्रपदातली पुनव आली की भुलाबाईची गाणी सगळ्या आळीला तिच्याच तोंडून हवी असायची. पोरी कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी घरोघर जमायच्या, एक ओळ माय म्हणायची आणि बाकीच्या मागून. जात्यावर, निंदताना, भाकरी थापताना तिचं गुणगुणणं चालूच असायचं. रेडिओ आल्यापासून मात्र ते कमी झालं होतं. तिचा आवाज मध्ये आला की बाबा हात वर करायचे आणि म्हणायचे, "जरा गप राह्य ना, ऐकू दे." ती गप राहायची. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही.

एका वर्षी नवरात्राच्या तोंडावर नागपूरहून रेडिओची माणसं यंत्र घेऊन बुलढाण्याला आली. आमच्या ग्रामसेविकाबाईंनी गावातल्या चार-पाच बायका बसनं नेल्या. त्यात माय होती. एका शाळेच्या खोलीत बसवून त्यांची गाणी यंत्रात घेतली. मायनं त्या माणसांना म्हटलं, आमाले एकडाव ऐकवा ना. त्यांना पुढं मेहकरला जायचं होतं. ते म्हणाले, बाई, आता रेडिओवरच ऐका, नवमीला दुपारी बायकांच्या कार्यक्रमात लागेल.

घरी आल्यावर माय चुलीपुढं बसून बाबांना ऐकू जाईल असं मला म्हणाली, "जनमभर म्या गायलं, लोकायनं ऐकलं. मी कुठं ऐकलं? मले पाह्यचं हाये, कसा हाये तं आपला आवाज."

तिनं कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. लुगडंसुद्धा बाबा आणतील ते. म्हणून हे वाक्य ऐकून मी घाबरलोच. बॅटरी तेव्हा उतरलेली होती.

घट बसले आणि मी बॅटरी दुकानात टाकून आलो. दोन दिवसांनी गेलो, लाइन नाही. पुन्हा गेलो, लाइन आली होती आणि गेली होती. तिसऱ्या खेपेला दुकानदार म्हणाला, घडीभर येते, घडीभर जाते, तुमची अर्धीक झाली असन. अष्टमीला मी त्याच्या दारातच ठाण मांडलं. शेवटी त्यानं काचेची नळी बुडवून पाणी वर ओढलं, उजेडाकडं धरलं आणि म्हणाला, "अर्धी भरली. घंटाभराचा भरोसा देतो. जास्त लालूच करू नोको." बायकांचा कार्यक्रम अर्ध्या तासाचा. मी म्हटलं, झालं, भागलं. खांदा मोडून गेला होता, पण त्या दिवशी परतीचा रस्ता मला लांब वाटला नाही.

घरी येऊन मी जाहीर केलं की उद्या दुपारपर्यंत रेडिओला कोणी हात लावायचा नाही. बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. बातम्यांची वेळ झाली तेव्हा ते रेडिओजवळ जाऊन बसले, त्याच्यावरचं विणलेलं कापड सारखं केलं आणि उठून गोठ्यात गेले. बटणाला त्यांनी हात लावला नाही, हे मी त्यांच्या बाजूनं सांगतो.

आता अडचण होती ती नवमीची. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं-अवजारं पूजेत मांडायची. नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड, भाजी चिरायची पावशी, अडकित्ता, जे जे राबतं ते ते. आणि मांडलेलं दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, त्यानं काम करायचं नाही. माय याबाबतीत फार कडक. एका वर्षी बाबांचा वस्तरा पूजेत गेला आणि ते दसऱ्याला दाढीचे खुंट घेऊन सोनं वाटत फिरले.

बाबा म्हणाले, "या वर्षी रेडिओ अन् बॅटरी राहू दे बाजूले. तुह्यच गानं हाये."

"वा! सालभर राबते ते. त्याले काय एक दिवस पूजा नोको?" माय म्हणाली. मग जरा थांबून, आवाज खाली घेऊन म्हणाली, "येळ झाली का अक्षता टाकून उचलू. देवीले मी सांगीन."

वस्तऱ्यासाठी न वाकलेली माय आपल्या आवाजासाठी वाकली. बाबा हसले नाहीत, मीही नाही.

नवमीला पहाटे तिनं ओसरीवर पाट मांडले. झेंडूचे हार आमच्याकडं बारीक लोखंडी तारेत ओवायचे. सुई लागत नाही, आणि दारावर बांधले की वाऱ्यानं तुटत नाहीत. सगळ्या अवजारांना एकेक पदर, आणि सगळ्यात दाट हार बॅटरीला. त्या खुंट्या तिला कानांसारख्या वाटल्या असाव्यात. एका खुंटीला वळसा, दुसऱ्या खुंटीला वळसा, मध्ये फुलांची झोळी. हळद, कुंकू, वर निरशा दुधाचा हात. मी तेव्हा बैल घेऊन नदीवर गेलो होतो. परत येऊन पूजेला नमस्कार केला. लांबून हार छान दिसत होता.

दुपारी आळीतल्या बायका आल्या. बुलढाण्याला गेलेल्या तर होत्याच, न गेलेल्याही आल्या. मायनं नवं नेसलं होतं. तिनं अक्षता टाकल्या, ओठातल्या ओठात देवीला जे सांगायचं ते सांगितलं आणि मला म्हणाली, "उचल."

मी हाराला हात लावला आणि मागं घेतला. तार गरम होती, चांगली चटका बसेल अशी. फुलं शिजलेल्या भाजीसारखी मऊ पडली होती, वास उग्र येत होता. दोन्ही खुंट्या लोखंडी तारेनं जोडल्या गेल्या होत्या, आणि सकाळपासून त्या तारेतून बॅटरीतली वीज गळत होती. माझ्या तोंडाशी शब्द आले होते. बाबा माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी हार पाहिला, माझ्याकडं पाहिलं आणि माझं मनगट घट्ट धरलं. मग उपरण्याच्या टोकानं तो हार काढून स्वतःच्या हातानं कोपऱ्यात ठेवला. मायला काही सांगायचं नाही, एवढं मला कळलं.

मी जोडणी केली. तबकडीमागचा छोटा दिवा आधीच काढून टाकला, तेवढीच बचत. बटण फिरवलं. रेडिओ गुरगुरला, आणि बऱ्याच वेळानं आवाज आला, लांब विहिरीतून यावा तसा. निवेदनाची बाई बोलत होती. बायका एकमेकींना गप करायला लागल्या आणि त्याचाच गोंगाट झाला. आधी दुसऱ्याच कुठल्या गावच्या बायकांची गाणी लागली. ती संपता संपेनात. मी आवाजाचं बटण थोडं थोडं वाढवत होतो आणि आवाज थोडा थोडा उतरत होता. मनात म्हणत होतो, आवरा बायांनो, आवरा आता.

मग आमची गाणी लागली. एक आवाज एकटाच ओळ म्हणत होता आणि बाकीच्या मागून. पहिल्या ओळीलाच बाबांनी मान वर केली. सुपारी तोंडात तशीच राहिली, आणि रेडिओपुढं कायम हात वर करणाऱ्या त्या माणसाचा हात मांडीवर पडून होता. तो आवाज मी रोज ऐकत होतो, आणि तो इतका चांगला आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सगळे मायकडं पाहत होते. तिला कळलंच आहे, असं प्रत्येकाला वाटलं, म्हणून कोणी बोललं नाही.

माय शेजारणीकडं वळली. "हे कोन होय वं? बरी म्हनते बाई."

शेजारीण हसायलाच लागली. "अवं, तूच तं हायेस!"

"मस्करी नोको करू."

"तूच हायेस माय," मी म्हटलं. ती रेडिओकडं वळली, पदर कानामागं सारला आणि पुढं वाकली. तेवढ्यात आवाज खरखरला, बारीक झाला, आणि गेला. मी बटण फिरवलं, खुंट्या घासल्या, वायर दाबली. काही नाही. माय तशीच वाकलेली, ऐकत.

"काऊन बंद पडलं?" तिनं विचारलं.

"बुलढान्याची लाइन," बाबा म्हणाले. "भरलीच नाही धड."

बायकांनी बुलढाण्याच्या लाइनीला शिव्या घातल्या, प्रसाद घेतला आणि गेल्या. ती गाणी पुन्हा कधी लागली नाहीत, निदान आमच्या ऐकण्यात नाहीत. बाबा गाईला चारा टाकायला उठले. मायनं अक्षतांचे सांडलेले दाणे एकेक करून वेचले आणि बॅटरीजवळ बसून राहिली.

"मले वाटलं, दुसरीच कोनी बाई हाये," ती म्हणाली. "आपला आवाज हाये हे मालूम असतं तं मन लावून ऐकलं असतं."