दिल दाईंचं जुनं राष्ट्रगीत

मला विमानतळावर न्यायला कॉलनीच्या फाटकापाशी टॅक्सी थांबली तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "जमलं नाही तर परत ये. आपलं क्वार्टर आहे." खोपोलीजवळच्या त्या कारखान्यात त्यांची हयात गेली. आई गेल्यापासून क्वार्टरवर ते एकटेच. त्या एका वाक्याच्या जिवावर मी अबू धाबीत निर्धास्त होतो.

आमच्या बांधकाम कंपनीत हिवाळ्यात खलिफा सिटीतल्या मैदानावर कामगारांचे सामने व्हायचे आणि ज्या देशाची टीम उतरेल त्याचं राष्ट्रगीत स्पीकरवर लागायचं. २००८ साली नेपाळच्या पाळीला जुनंच गीत वाजलं. तिथला राजा गेला होता, गीतही बदललं होतं, पण आमच्या एचआरला त्याचा पत्ता नव्हता. नेपाळी पोरं बसल्या जागी हसत राहिली. स्टोअर सांभाळणारे दिल दाई (नेपाळीत दाई म्हणजे थोरला भाऊ) मात्र शेवटच्या सुरापर्यंत एकटे ताठ उभे.

नंतर चहा पिताना त्यांनी त्या गीताची कूळकथा सांगितली. आधी नुसती धून होती, राजाला सलामी द्यायला. शब्द मागाहून आले, मग ते देशाचं झालं, शाळेत रोज म्हणायचं. त्यात सगळी राजाची स्तुती, म्हणून राजाची सत्ता गेली तसं तेही गेलं. मग तुम्ही उभे का राहिलात, मी विचारलं.

"मैं कहाँ खडा हुआ, साब. पैर खुद खडे हो गये."

मला तेव्हा हसू आलं होतं.

मग मंदी आली. क्रेन थांबल्या, दिल दाईंची नोकरी गेली, पाठोपाठ माझा नंबर लागला. "प्रोजेक्ट खलास, हबीबी," साहेब म्हणाले. बायको सामान बांधायला लागली आणि मी बाबांना फोन केला, की आम्ही क्वार्टरवर येतोय.

"कारखाना बंद पडला रे. क्वार्टर्स पाडली. मी पावसाळ्यापासून बदलापूरला ताईकडे आहे. तुला सांगून काय होणार होतं?"

म्हणजे दर शुक्रवारी मी फोनवर विचारत होतो, दारातली जास्वंद फुलली का, आणि ते हो म्हणत होते. मला भीती वाटली, अशी पूर्वी कधी वाटली नव्हती. शारजाच्या एका वर्कशॉपमध्ये मिळेल ती नोकरी धरली, कारण परत जायला ठिकाणच नव्हतं.

आता बाबा आमच्याकडे, पुन्हा अबू धाबीत, अल रीम आयलंडवर असतात. कारखान्याचा पहिला भोंगा सकाळी साडेसहाला व्हायचा. त्या वेळेला ते अजूनही चपला घालून दाराशी जातात.

"आजोबा, व्हेअर आर यू गोइंग?" मुलगी विचारते.

"कुठे नाही गं," म्हणत ते परत येऊन बसतात.

तुम्ही तिकडे भारतात राहिलेले आणि माझ्यासारखे निघालेले, सगळेच विचारता, आता घर कुठलं? मला सांगता येत नाही. बाविसाव्या मजल्यावर, काचा बंद असताना, तो भोंगा मलाही ऐकू येतो, आणि बाबांच्या मागे मीही दाराशी उभा असतो.