एकोणीस वर्षांचं टाकाऊ पाणी

गल्लीने त्यांना डॉक्टर म्हणायला सुरुवात केली आणि त्यांची पंचाईत झाली. कुणाला खोकला झाला की तो यांच्यासमोर आ वासून उभा. "अहो, मी प्रथिनांचा डॉक्टर," ते सांगत, "माझ्या हातून आजवर एकही पेशंट बरा झालेला नाही."

प्रथिन म्हणजे काय, हे लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बायकोने विचारलं होतं.

"लोकरीचा गुंडा समज. धागा ठरावीक तऱ्हेने गुंडाळला गेला तरच काम करतो."

"मग तुमची गुंडाळी कुठंतरी चुकलीय," ती म्हणाली. हे डॉक्टर स्वतःच सगळ्यांना रंगवून सांगत.

त्यांचं आयुष्य एकाच प्रथिनामागे गेलं. एका रानवेलीच्या बीला मोड आला की आतलं तेल फोडून कोंबाला भरवणारं ते प्रथिन. रोज सकाळी संस्थेच्या प्रयोगशाळेत बिया वाटायच्या, गाळायच्या आणि ते पाणी पांढऱ्या भुकटीने भरलेल्या काचेच्या नळीतून सोडायचं. प्रथिन भुकटीला चिकटतं, खाली उतरलेलं पाणी मोरीत ओतायचं, असं गुरूंनी सांगितलेलं. गुरूंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. चिकटलेलं काढून डॉक्टर तेलात घालत. तेल ढिम्म. एकोणीस वर्षं ढिम्म. शेवटी 'हे प्रथिन काम का करत नाही' यावर त्यांनी तीन निबंध छापले. "आळसाचा इतका खोल अभ्यास दुसऱ्या कुणी केला नसेल," असं म्हणून स्वतःच हसत.

निवृत्तीचा आठवडा उजाडला. शुक्रवारी निरोप समारंभ होता. सोमवारी प्रयोगशाळेची झाडलोट करणाऱ्या मावशी तिथल्या ओळीतल्या तीन मोऱ्यांपैकी दोन तारेने उपसत होत्या.

"तुमच्या मोरीत तुम्ही काय ओतता हो?"

"टाकाऊ पाणी. का?"

"या दोन दर महिन्याला तुंबतात. तेलकट डबे तर जास्त तुमच्याच मोरीत धुतात सगळे. पण तिथं मला कधी तार घालावी लागली नाही."

 त्या दिवशीचं पाणी डॉक्टरांनी ओतलं नाही. बशीत तेल मिसळून थिजवलेल्या पांढुरक्या थरावर त्याचा एक थेंब ठेवला. दुपारी बघतात तो थेंबाभोवती स्वच्छ, पारदर्शक वर्तुळ. तेल फुटलं होतं. प्रथिन नळीतल्या भुकटीला कधी चिकटलंच नव्हतं.

घरी मेहुणा आलेला. सगळं ऐकून म्हणाला, "भावजी, शुक्रवारी कौतुक ऐका, घड्याळ घ्या, घरी या. शनिवारी कोण विचारतंय?"

"माझे निबंध वाचून आणखी चौघं रोज हेच पाणी ओतत असतील, त्यांचं काय?"

बायको पानं वाढता वाढता म्हणाली, "सांगून टाका. नाहीतरी रोज मला छळणार."

शुक्रवारी संचालकांनी 'शोध' हा शब्द सात वेळा उच्चारला. मग डॉक्टर उठले. 

"ज्याचा मी एकोणीस वर्षं अभ्यास केला, ते हे प्रथिन नव्हतंच. जे होतं, ते मी रोज साडेदहाला मोरीत ओतलं. तिन्ही निबंध मी मागे घेतोय. संस्थेला माझी देणगी म्हणाल तर, एक न तुंबणारी मोरी. आणि हा शोध माझा नाही. मावशींचा आहे."

 सभागृहात कुणीतरी फिस्सकन हसलं आणि पाठोपाठ सगळेच. डॉक्टरही. मागे उभ्या मावशी तेवढ्या हसल्या नाहीत.

निवृत्तीनंतर बिनपगारी येऊन काम नव्याने करायला संचालकांची हरकत नव्हती. सोमवारी डॉक्टर आले तर त्यांच्या मोरीवर फळी, फळीवर वीट आणि शेजारी मावशी.

"आता मला विचारल्याशिवाय इथं काही ओतायचं नाही."

"निदान हात तरी धुऊ का?"

"आधी हाताला काय लागलंय ते बघा," मावशी म्हणाल्या.