कुत्र्यासाठी केलेली केस

कुत्र्यासाठी कोर्टाची पायरी चढलेला माणूस म्हणून नांदेडच्या आमच्या जुन्या गल्लीत मला अजूनही ओळखतात. ओळखू देत. वकिलाच्या कारकुनापासून कोर्टाच्या शिपायापर्यंत सगळे मला हसले, त्याचा राग खरं सांगायचं तर अजून पुरता गेलेला नाही.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. नव्या कचेऱ्यांना माणसं हवी होती, म्हणून नांदेडहून आमची उचलबांगडी झाली. तिथं टेबल होतं तर खुर्ची नव्हती, खुर्ची मिळाली तर कपाट नव्हतं. फायली विटांवर फळ्या टाकून रचलेल्या. त्यात दुष्काळ. दिवसभर मी टँकरच्या खेपांचे तक्ते करायचो आणि घरी आलो की स्वतःच घागर घेऊन रांगेत उभा राहायचो. घर म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या. घरमालक किराणा दुकानदार, शिवपूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब न घालणारा सज्जन माणूस, पण "कुत्रं चालायचं न्हाई" हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

कुत्रं माझ्या वडिलांचं. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. आई गेल्यानंतरच्या पावसाळ्यात हे तपकिरी पिल्लू त्यांच्या मागंमागं घरी आलं आणि राहिलं. अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, तरी रोज सकाळी ते गोदावरीपर्यंत जाऊन यायचे, कारण कुत्रं पुढं असायचं. नांदेड सोडताना ते शेजाऱ्यांकडं ठेवलं. शेजारी एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, अंगणात आड, आडाला पाणी. मी ट्रकमध्ये सामान चढवत होतो तेव्हा अण्णाच त्याला त्यांच्या अंगणात सोडून आले. दोन-चार महिन्यांचा प्रश्न आहे, असं मी धरून चाललो होतो.

लातूरला आल्यावर अण्णांचं फिरणं बंद झालं. उंबऱ्यात बसायचे, समोरच्या भिंतीकडं तोंड करून. जेवताना भाकरीचा शेवटचा तुकडा हातात घेऊन हात खाली न्यायचे, थोडा वेळ तसाच धरायचे, मग स्वतःच खाऊन टाकायचे. माझ्याच्यानं ते बघवत नसे.

दीड वर्षानं सरकारी क्वार्टर मिळालं. एक दिवसाआड नळ आणि दारात मोकळी जागा. त्याच रविवारी मी नांदेड गाठलं. शेजारी फाटकातच उभे राहिले.

"कुत्रं द्यायचं न्हाई," ते म्हणाले. "अण्णांनी मला दिलंय ते."

"सांभाळायला दिलंय, काका."

"दिलंय म्हंजे दिलंय. अण्णांना इचार जा."

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे माझा बाप खोटा की मी खोटा? अण्णांना विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. कुत्रं कायमचं गेलं, असं त्या म्हाताऱ्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगणार होतो? मी तिथूनच तडक वकिलाकडं गेलो.

वकिलानं दावा लिहिला. त्यात कुत्र्याला जंगम मालमत्ता म्हटलं होतं. रंग तपकिरी, डावा कान फाटका, वय अंदाजे सहा. मग सुरू झाल्या तारखा. लातूरहून पहाटेची गाडी, अहमदपूर, लोहा, नांदेड, साडेचार तास हाडं खिळखिळी करून घ्यायची आणि कोर्टात जाऊन कळायचं की न्यायाधीश रजेवर आहेत. पुढच्या वेळी समन्स परत आलेलं असायचं. समन्स परत कसं येतं? तो माणूस दिवसभर अंगणात बाजेवर बसलेला असतो, सारी गल्ली त्याला बघते, फक्त बेलीफाला तो दिसत नाही. त्याच्या पुढच्या वेळी आमचेच वकील दुसऱ्या कोर्टात. एकदा तर फाईलच सापडली नाही. "मिळून जाईल हो, कुत्रं थोडंच पळून चाललंय?" असं कारकून म्हणाला आणि चार जण खो खो हसले. लातूरला साहेब रजेचा अर्ज बघून विचारायचे, "केस कसली? शेताची?" मी म्हणायचो, "हो, शेताचीच." गुंठाभर जमीन नव्हती आम्हाला.

घरी अण्णा काही विचारत नसत. मी तणतणत यायचो, कोर्टाला, वकिलाला, शेजाऱ्याला शिव्या घालायचो, ते ऐकून घ्यायचे. एकदा म्हणाले, "कशाला एवढा ताप करून घेतोस?" मी म्हणालो, "तुमच्यासाठीच करून राहिलो ना." ते उठून उंबऱ्यात जाऊन बसले.

माझी साक्ष निघाली तेव्हा मी एक हुकमी पुरावा नेला. अण्णांनी स्वतः अंबाडीची दोरी वळून कुत्र्याला गळ्यातला पट्टा केला होता. तो लातूरच्या घरी दारामागच्या खिळ्याला होता. कुत्रं आमचं नसतं तर त्याचा पट्टा आमच्या घरी कसा? मी तो टेबलावर ठेवला आणि मोठ्या तोऱ्यात पिंजऱ्यात उभा राहिलो.

शेजाऱ्यांचे वकील धर्माबादकडचे, शेतकरी घरातले. त्यांनी पट्टा उचलून नीट बघितला.

"हा कोणी सोडला?"

"वडिलांनी."

"कधी?"

"कुत्रं ठेवून आले तेव्हा."

"कुत्रं नुसतं ठेवायला दिलं होतं, तर पट्टा सोडून घ्यायचं कारण?"

"आठवण म्हणून असेल."

"जनावर दुसऱ्याला कायमचं द्यायचं झालं, तर आपल्याकडं त्याच्या गळ्यातलं दावं काय करतात, ठाऊक आहे तुम्हाला?"

मला ठाऊक नव्हतं. माझा जन्म गल्लीतला, नोकरी कचेरीतली. न्यायाधीशांना मात्र ठाऊक होतं, कारण त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. दावं सोडून घरी ठेवतात. त्या दोरीबरोबर घरची बरकत जाऊ नये म्हणून. बाहेर आल्यावर माझे वकील दात-ओठ खात म्हणाले, "हे आधी मला दाखवायचं नाही का? आता वडिलांना साक्षीला आणा. ते सांगतील तसं होईल."

पुढच्या तारखेला अण्णांना घेऊन गेलो. वाटेत त्यांना तीनदा सांगितलं, जास्त बोलू नका, सांभाळायला दिलं होतं एवढंच सांगा. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

अण्णांनी शपथ घेतली. आमच्या वकिलांनी विचारलं, "कुत्रं कोणाचं?"

"माझं व्हतं."

"आणि आता?"

"आता ह्यांचं." त्यांनी शेजाऱ्यांकडं हात केला. "मी दिलं. पट्टा सोडून घेतला तवाच दिलं."

आमचे वकील खाली बसले. न्यायाधीशांनीच पुढं विचारलं, "कायमचं दिलं?"

"हाव. तिकडं माणसाला पियाला पाणी न्हाई, घरमालक कुत्रं ठिऊ देत न्हाई. मुक्या जिवाचे हाल कशाला? ह्यांच्या आडाला पाणी हाय."

"मग मुलानं केस केली तेव्हा बोलला का नाहीत?"

"त्यानं मला इचारलंच न्हाई, साहेब. तो आपला तारखा करून राहिला. माझ्यासाठी करतोय म्हणाला, मग माझी जीभ रेटंना."

कोर्टात या वेळी कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. दावा तिथंच निकालात निघाल्यासारखा होता. मी कागद गोळा करून, कोणाकडंही न बघता बाहेर आलो. माझी लाज कुठं ठेवावी ते मला कळत नव्हतं, आणि ती सगळी मी रागात घालत होतो.

शेजारी आमच्या मागून आले. माझ्याकडं न बघता त्यांनी अण्णांचा हात हातात घेतला. "अण्णा, घरी चला. च्या घ्या, त्याला बघून जा. रिक्षात बसलं की धा मिंटात घर."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, तरी ते माझं तोंड शोधत होते.

"गाडीची वेळ झाली," मी म्हणालो आणि त्यांच्या दंडाला धरलं.

"बरं, चल," ते म्हणाले. शेजाऱ्यांच्या हातातून त्यांनी आपला हात हळूच सोडवून घेतला.

लोहा मागं पडल्यावर त्यांनी विचारलं, "आता म्हातारं झालं आसंल, न्हाई?" मी झोप लागल्याचं सोंग घेतलं.

त्यानंतर अण्णांचं नांदेडला जाणं झालं नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. त्या दिवशी आमच्या गाडीनंतर लातूरला जाणाऱ्या आणखी तीन गाड्या होत्या. मला त्यांच्या वेळा पाठ होत्या.