काखेचं माप

"मी मावेन असं काहीतरी जगात कुणीतरी बनवलं असेलच की," असं तो एकदा म्हणाला होता. इस्पितळातल्या खाटेवर पडून म्हणाला होता. डावा हात गळ्यात, दोन्ही पावलं खाटेच्या बाहेर, आणि पावलांखाली नर्सने कुठून तरी आणून सरकवलेलं स्टूल. तो खाटेबद्दल बोलतोय असं समजून सगळे हसले. त्याची मोठी बहीण तर सगळ्यांत मोठ्याने हसली. तो सायकलबद्दल बोलत होता हे त्याच्या बायकोला तेव्हाच कळलं. ताईला कळायला बराच काळ जावा लागला.

गल्लीत त्याला शिडी म्हणत. बल्ब बदलायचा असला, माळ्यावरची ट्रंक खाली काढायची असली की हाक यायची, "शिडीला बोलवा रे!" तो यायचा, काम करायचा आणि आला तसा जायचा. रागावणं त्याला जमतच नसे. प्रश्न विचारला तर उत्तर यायला इतका वेळ लागे की तोवर विचारणारा दुसऱ्याच विषयावर गेलेला असे. शाळेच्या प्रत्येक फोटोत तो मागच्या रांगेत, अगदी कडेला, मान जराशी वाकवून उभा आहे. मागच्या भिंतीची जागा अडवल्याबद्दल माफी मागत असल्यासारखा.

नोकरी पाणीपुरवठ्यात. डोंगरावरच्या तलावातून शहरात येणाऱ्या मोठ्या नळाला जागोजागी झडपा होत्या. त्या तपासायच्या, गळती शोधायची, गरज पडली तर अंगाचा जोर लावून पिळायच्या. नळाच्या कडेची वाट एका माणसापुरती, दगडधोंड्यांची, तीव्र उताराची. तिथे गाडी जात नाही, आणि पायी गेलं तर दिवस पुरत नाही. म्हणून सायकल. पाठीवर पाने-पक्कडींची पिशवी घेऊन तो सकाळी वर जायचा आणि उन्हं कलताना खाली यायचा. त्याला हे काम आवडायचं. वर कुठेही दाराची चौकट नव्हती.

त्याच्या आयुष्यातली प्रत्येक सायकल ताईने उभी केलेली होती. वडिलांमागे सायकलचं दुकान तिने चालवलं. ती बुटकी, चपळ, तोंडाने फटकळ आणि हाताने पक्की. वडिलांची एक रीत तिने जशीच्या तशी ठेवली होती. गिऱ्हाईक आलं की त्याला सायकलशेजारी उभं करायचं, सीट त्याच्या काखेत टेकवायची आणि हात सरळ खाली सोडायला सांगायचा. बोटांची टोकं पेडलच्या आसाला लागली की माप जुळलं. टेप नाही, आकडेमोड नाही. शिडीची बोटं मात्र आसाच्या पार खाली जायची. म्हणून ताई सीटची दांडी लांब घालायची. मग हँडल जवळ वाटायचं, म्हणून हँडल पुढे धरणारा दांडा, म्हणजे हँडलचा गळा, तोही लांब घालायची. मधली सायकल तेवढीच राहायची, दोन्ही टोकांनी ताणलेली, आणि तिच्यावर तो, घडी घालून ठेवल्यासारखा.

मग तो पडला. उतारावर एका दगडी पायरीला पुढचं चाक अडलं आणि तो हँडलवरून पुढे फेकला गेला. खांद्याचं हाड तारेने बांधावं लागलं. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, पुन्हा याच खांद्यावर पडलात तर हा हात वर जाणार नाही. आणि झडप पिळू न शकणाऱ्या माणसाला साहेब डोंगरावर ठेवणार नव्हते. त्याला तळघरातल्या पंपाच्या खोलीत बसवणार होते, जिथलं छत त्याच्या डोक्याला घासायचं.

"घाबरून पुढचा ब्रेक दाबला असणार," ताई म्हणाली. गल्लीही तेच म्हणाली. तो गप्प बसला, म्हणजे ते खरं असणार असं सगळ्यांनी धरून चाललं.

तो बरा होत होता तेवढ्यात तिने त्याच्यासाठी नवी माउंटन बाइक उभी केली. जाड टायर, पुढेमागे सस्पेन्शन, डिस्क ब्रेक, आणि हँडलवर एक खटका, जो दाबून सीटवर भार दिला की सीट खाली बसते. फ्रेम लार्ज, तिच्याकडे आलेली सगळ्यांत मोठी. तिचा आखूड गळा ताईने काढला आणि लांब बसवला.

कामावर रुजू व्हायच्या आदल्या दिवशी तो बायकोबरोबर दुकानात आला.

"ये, उभा राहा," ताई म्हणाली. सीट काखेत, हात खाली. बोटं नेमकी आसावर. "बघ! केसाचा फरक नाही. आता बोल."

त्याने सीट काखेतून सोडवली.

"याला बोलायला मुहूर्त काढून द्यायचा का गं?" ताईने भावजयीला विचारलं.

"वन्सं, त्यांना बोलू तर द्या."

"बोलू दे की! त्याचं तोंड कुणी दाबलंय? माझा तर हातही पोचत नाही तिथवर."

भावजय एरवी हसली असती. आज तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि नवऱ्याकडे बघितलं.

"ताई," तो म्हणाला, "मी काल समोरच्याकडे बसून आलो."

समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा सायकलवाला. एके काळी याच दुकानात वडिलांच्या हाताखाली शिकलेला. त्याने वेगळं दुकान थाटल्यापासून ताईने त्याचं नाव टाकलं होतं.

ताईच्या हातातला पाना हातातच राहिला. "बसून आलास म्हणजे?"

"नुसता बसून. घेतली नाही."

"काय दिवे लावले त्या शहाण्याने?"

"काही नाही. सीट खाली केली आणि पेडलवर उभं राहायला सांगितलं. म्हणाला, उतारावर तू बसतोस कुठे, उभाच असतोस ना? मग उभ्याचं माप बघ."

"आणि?"

"एक्स्ट्रा लार्ज होती. सीटची उंची जवळपास हीच. पण पेडलपासून हँडल लांब. गळा आखूड, चाक पुढे." त्याने हातांनी तेवढं अंतर दाखवलं. "गुडघे कुठे लागले नाहीत, ताई. सायकलवर चढल्यासारखं नाही वाटलं. आत उभं राहिल्यासारखं वाटलं."

"आत! सायकल आहे का कपाट?" ताईचा आवाज चढला. "ज्याला पंक्चर काढायला बाबांनी शिकवलं, तो आता बाबांची अक्कल काढणार? आणि तू गेलास त्याच्या दारात! सगळी गल्ली बघत असताना!"

"वन्सं, इथे बाबांचा प्रश्न नाही. खांद्याचा आहे."

"खांदा ब्रेकमुळे गेला."

"ब्रेकला मी हात लावला नव्हता," तो म्हणाला.

हे तो इतक्या हळू म्हणाला की ताईला पहिल्यांदा वाटलं, आपण ऐकलंच नाही. मग तिला ऐकू आलं. तिला एकदम आठवलं की ब्रेकबद्दल तो स्वतः कधीच काही बोलला नव्हता. बोलली होती ती. ब्रेक नाही, तर मग दुसरं काय उरतं? ती वाट तर तो डोळे मिटून उतरत आला होता. उरत होती ती फक्त सायकल, आणि सायकल तिची होती.

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तू माझ्या खाटेशी बसली होतीस," तो म्हणाला.

तो सायकलवर चढला, खटका दाबला. सीट सुस्कारा टाकत खाली गेली. ताई त्या खाली गेलेल्या सीटकडे बघत राहिली. ती आता त्याच्या काखेपर्यंत पोचली नसती. कुणाच्याच पोचली नसती. मग उतारावर काखेचं माप काय कामाचं, हा विचार तिने झटकून टाकला.

दुकानाच्या मागच्या दारातून गल्लीत उतरणारा सिमेंटचा एक तीव्र उतार होता. त्याने सायकल तिथे नेली आणि पुढचं चाक उताराच्या तोंडाशी लावलं.

"ताई, मागून धर."

"कशाला नाटकं?"

"धर ना."

तिने एका हाताने सीट धरली, दुसरा मागच्या चाकावर ठेवला. त्याने दोन्ही ब्रेक आवळले, चाक उतारावर सोडलं आणि पेडलवर उभा राहिला. भावजय दाराला पाठ लावून उभी होती.

आधी त्याने हँडल वळवलं. गुडघा ब्रेकच्या दांडीवर आपटला. हँडल सरळ झालं. मग त्याने कंबर मागे नेली, उतरताना नेतात तशी, पण मागे जायला जागा होती कुठे? हात ताणले गेले, छाती हँडलवर ओढली गेली. त्याने चाक आणखी थोडं खाली जाऊ दिलं, दगडाची पायरी उतरताना जाईल तेवढंच.

आणि ताईच्या हाताखालचं चाक हलकं झालं.

पूर्ण उचललं गेलं नाही. जमिनीवरचा भार तेवढा निघून गेला. चाकाचा बाक, आऱ्याचा ताण, बेअरिंगमधली बारीक खरखर, हे सगळं तिला आयुष्यभर हातानेच कळत आलं होतं. ते हलकेपण तिच्या तळहातातून कोपरापर्यंत चढलं. तिने सगळा जोर लावून चाक खाली दाबून धरलं. आत्ता हात सोडला तर तो पुढे जाईल, हे तिला स्वच्छ कळलं. उद्या वर डोंगरात तिचा हात नसेल, हेही कळलं.

त्याने मागे वळून पाहिलं नाही. "काय लागलं हाताला?"

तिने चाकावरची पकड आणखी घट्ट केली.

"उद्या मी हिच्यावरून उतरणार," तो म्हणाला. "तू उतर म्हणालीस तर उतरेन. समोरच्याकडे जाणार नाही, हिला बोल लावणार नाही. फक्त हाताला काय लागलं ते सांग."

"वन्सं," भावजयीच्या तोंडून निघालं. तेवढंच.

हलकं लागलं, असं ताईच्या ओठांवर आलं होतं. एवढे दोन शब्द. पण त्यांच्यामागे ती खाट उभी होती, तारेने बांधलेलं हाड होतं, आणि तिने प्रेमाने लांब केलेली एकेक दांडी. तोंड उघडलं तर ते सगळं एकदम बाहेर पडलं असतं. तिने चाकावरचा हात तसाच दाबून ठेवला आणि दुकानात गिऱ्हाइकाशी बोलायची त्या आवाजात म्हणाली,

"सवय होईल."

त्याने पेडलवरचा एक पाय जमिनीवर टेकवला. मग सांभाळून खाली उतरला. सायकल मागे ओढून आत घेतली आणि भिंतीला टेकवली, हँडल घासणार नाही अशा बेताने. बायकोने त्याच्याकडे बघितलं. ताई अजून उताराच्या तोंडाशी वाकून होती, जिथे चाक होतं तिथे हात धरून. तिच्या बाजूने अंग चोरून तो पुढे गेला आणि सायकल भिंतीशीच ठेवून बाहेर पडला.