न ऐकू येणारी शिट्टी

कारखान्यात त्याला सगळे तारवाला म्हणत. दिवसभर लाकूड कापायच्या मशीनवर उभं राहायचं आणि घरी आलं की इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवायची, हा त्याचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. मशीनवर कानात घालायला दिलेले बोळे कायम खिशात. "मशीन काय बोलतंय ते ऐकायला नको?" असं वर विचारायचा. माणूस हट्टी, पण कानाचा तिखट. कुणाची तार जरा उतरली की याच्या कपाळावर आठी. निदान सगळ्यांचा समज तरी तसाच होता.

लेक गाणारी. तिचं गाणं संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं. पसंत पडलं तर एका चांगल्या बँडमध्ये तिला जागा मिळणार होती. गिटार बापाची आणि रेकॉर्डिंगही बापाचंच. मागच्या खोलीत कपाट आणि पलंग यांच्यामध्ये कोंबलेल्या टेबलावरचा लॅपटॉप हा त्याचा स्टुडिओ. गिटारची वायर एका छोट्या डबीत, डबीची वायर लॅपटॉपला, डबीतूनच दोन हेडफोन. तिथे दुसऱ्या कुणी बसलेलं त्याला खपत नसे. बायको म्हणायची, "झाडू मारायलासुद्धा अर्ज करावा लागतो."

गिटार वाजवून झाली. लेकीने ऐकलं आणि तिच्या भुवया आक्रसल्या.

"बाबा, यात शिट्टी येतेय."

"कसली शिट्टी?"

"बारीक आहे, पण सारखी. तुम्ही वाजवत नाही तेव्हाही आहे. येत नाहीये ऐकू?"

त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. गेले कित्येक महिने खिशातला फोन वाजून वाजून थकायचा, तो दोष त्याने फोनवर ढकलला होता. आता ढकलायला काही उरलं नव्हतं.

"येतेय की," तो म्हणाला. "थांब, बघतो."

एकदा सोंग घेतलं की ते निभावणं आलं. इलेक्ट्रिक गिटार आसपासच्या विजेची कुरकुर ओढून घेते, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने ट्यूबलाइट बंद केली आणि लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. आठी तशीच.

"अजून आहे," तो घाईने म्हणाला.

मग स्क्रीनकडे पाठ करून बसला. पुन्हा तिच्या भुवयांकडे नजर. "कमी झाली, पण आहे." लेकीचा चेहरा त्याला ती पाळण्यात होती तेव्हापासून पाठ होता, त्यावर त्याचं भागत होतं. पण हिला कळलं तर ही उद्यापासून दुसरीकडे रेकॉर्डिंग करेल, आणि मग आपण कोण? लाकूड कापणारा एक म्हातारा. तेवढंच.

बाहेरचं ऊन उतरायला लागलं होतं. लेक हेडफोन न काढता उठली आणि खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. त्याने लॅपटॉपचा चार्जर उपसला.

"आता?" तिने तशीच उभी राहून विचारलं.

गेली म्हणावी आणि नसली गेली तर? त्याने अंदाजपंचे सावध उत्तर दिलं, "थोडी आहे अजून."

ती वळली. हेडफोन काढून हातात घेतले.

"चार्जर काढल्याबरोबर साफ गेली ती, बाबा."

तो उगाच गिटारची खुंटी पिळत राहिला. मग त्याने हात टेकले.

"मला नाही ऐकू येत गं. बारीक आवाज येतच नाहीत. बरेच दिवस झाले."

त्याला वाटलं, आता ही चिडेल, नाहीतर रडेल. ती पलंगाच्या कडेवर बसली.

"माझ्या गाण्यातले 'स', 'श' तरी नीट ऐकू येतात का? तेही बारीकच आवाज."

त्याने नकारार्थी मान हलवली.

"वर्षभर तुम्ही मला सांगताय, शब्द खातेस, शब्द खातेस. मी आरशासमोर बसून जीभ दुखेपर्यंत घोकत होते, बाबा. मागच्या वेळी बँडवाल्यांनी बोलावलं तेव्हा गेलेच नाही. म्हटलं, आपले शब्द कच्चे आहेत, कशाला हसं करून घ्यायचं."

हे ती ओरडून बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने नाक पुसलं, हेडफोन पुन्हा कानांवर चढवले आणि घड्याळाकडे पाहिलं.

"वाजवा," ती म्हणाली. "वेळ आहे अजून."

त्याची बोटं तारांवरच होती, पण ती काही केल्या हलेनात.