सहदेव म्हणाला, नामंजूर

कापडे गावचा सहदेव महाडच्या एका सहकारी बँकेच्या पोलादपूर शाखेत एकोणीस वर्षं शिपाई होता. आवाज इतका हळू की त्याने टोकन पुकारलं तर समोरच्या बाकावरचा माणूसही "काय?" म्हणून विचारायचा. अशा माणसाला बोलल्याबद्दल नोकरीवरून काढलं, हे आम्हा पोलादपूरकरांना आधी खरंच वाटेना.

झालं ते असं. गेल्या सप्टेंबरात महाडला बँकेची वार्षिक सभा होती. मी निवृत्त मास्तर, त्यामुळे अशा सभांना जायला मला वेळ असतो. अध्यक्ष हर्षदशेठ एकेक ठराव वाचत होते आणि आम्ही सभासद बाहेरच्या वड्यांच्या वासाकडे लक्ष ठेवून "मंजूर, मंजूर" म्हणत होतो. सातवा ठराव होता पोलादपूरची शाखा बंद करून महाडला हलवण्याचा. सवयीने तोही आम्ही मंजूर करून टाकला. तेवढ्यात पाण्याचा ट्रे घेऊन उभा असलेला सहदेव म्हणाला, "नामंजूर."

"कोण बोललं?" हर्षदशेठनी मान वर केली.

"मी, साहेब. माझा पन एक शेअर हाय. डोंगरातल्या म्हाताऱ्या बाया पेन्शनला महाडला कशा येनार?"

लोक हसले. मग हसू थांबलं. पोलादपूरचे होतो ते सगळे ओशाळलो आणि मोठ्याने "नामंजूर" म्हणू लागलो. ठराव बारगळला.

तीन आठवड्यांनी संचालक मंडळाची बैठक भरली. मुख्य शाखेचा शिपाई रजेवर होता, म्हणून सहदेवला बोलावून घेतलं. त्याने आत चहा नेऊन दिला, कप धुतले आणि घरी आला. चार दिवसांनी पत्र मिळालं: सेवेत असताना संस्थेच्या हिताविरुद्ध जाहीर वक्तव्य केल्याबद्दल बडतर्फ. स्वतःच्या बडतर्फीचा चहा त्याने स्वतःच नेला होता.

"साखर तरी कमी घालायची व्हती," त्याची बायको मैना म्हणाली. मग पदर खोचून माझ्याकडे आली. "मास्तर, ह्ये आता गप बसतील. यांना कुनाकडं तरी घेऊन चला."

मी त्याला महाडच्या वकील कालिंदीताईंकडे नेलं. त्यांनी बँकेचे सेवानियम मागवून वाचले. शेवटून दुसऱ्या पानावर एक कलम सापडलं: बडतर्फीचा आदेश शासनाला फेरतपासता येईल.

"म्हंजी सरकार मला कामावर ठेवील?" सहदेवने विचारलं.

"ठेवायचं ते बँकेनेच. काढलं ते रीतीने काढलं का, एवढं सरकार बघेल."

मार्चमध्ये अलिबागला सहकार खात्याच्या अधिकारी बाईंपुढे सुनावणी झाली. बँकेतर्फे एक वकील होते आणि सोबत ज्येष्ठ संचालक रघुवीरराव. वकील म्हणाले, "हा आमच्या घरातला प्रश्न आहे. हे कलम आजवर कुणी वापरलेलं नाही."

"न वापरल्याने कलम रद्द होत नाही," बाई म्हणाल्या. "यांना नोटीस दिली होती? यांचं म्हणणं ऐकलं होतं?"

वकिलांनी घसा साफ केला. "बैठकीला सात संचालक हजर होते, मॅडम. ठराव एकमताने झाला."

बैठक वैध व्हायला किमान सात जण लागत. बाईंनी सहदेवकडे पाहिलं. "तुम्हाला काही सांगायचंय?"

सहदेव पुटपुटला. बाई म्हणाल्या, "मोठ्याने बोला."

"मी पाचच चहा नेले, साहेब. त्यातला एक बिनसाखरेचा."

"दोघांनी घेतला नसेल!" वकील म्हणाले.

बाईंनी हजेरीची नावं वाचायला घेतली. चौथं नाव रघुवीररावांचं होतं. "तुम्ही चहा घेतला होता?"

रघुवीरराव सरळ माणूस. वकिलांनी कोपर मारलं तरी त्यांना कळलं नाही. "छे हो! त्या दिवशी मी सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसलो होतो. गुडघे धरलेत ना माझे. फार गुण आला, तुम्हीही जाऊन या."

बाईंनी हसू दाबलं आणि मान खाली घालून बराच वेळ लिहीत राहिल्या.

परतीच्या एसटीत महाड जवळ आल्यावर सहदेव माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "मास्तर, एवढ्या महिन्यांत आज कुनीतरी पयल्यांदा इचारलं, तुला काय सांगायचंय." आणि त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं.

आदेश जुलैत आला. बडतर्फी रद्द, सहदेवला कामावर घ्यावं, कारवाई करायचीच असेल तर आधी आरोपपत्र देऊन त्याचं म्हणणं ऐकावं. बँकेने पुन्हा त्या भानगडीत पडायचं टाळलं.

रुजू व्हायच्या दिवशी मी मुद्दाम शाखेत गेलो. बाकावर म्हाताऱ्या बायांची गर्दी होती आणि हर्षदशेठ स्वतः आले होते. त्यांनी तोंडदेखलं हसून सहदेवचा हात हातात घेतला. "झालं गेलं विसरून जाऊ. काही लागलं तर सांग."

सहदेवने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "चार दिस रजा पायजे, साहेब."

"अरे, आजच रुजू झालास ना?"

"भाताची लावनी हाय," सहदेव म्हणाला. "मैना एकटीच चिखलात हाय."

शेठनी कागदाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. मग पेन काढून सही केली.