नर्सबाईंच्या गाडीच्या मुठी

आमच्या ह्यांना सगळे मूठवाले म्हणतात. गाडीचं इंजिन कुणीही खोलतं, चाकं कुणीही बदलतं, पण हँडलच्या मुठी बसवायच्या तर त्या ह्यांनीच, अशी ख्याती. ती ऐकून ह्यांची छाती फुगायची आणि मला हसू यायचं. वीतभर रबर ते, त्याचं एवढं काय कौतुक, असं मी तोंडावर म्हणायची. मग हे चिडायचे. "ब्रेक लागला नाही तर माणूस पाय तरी टेकवतो. मूठ हातात आली तर काय करील?" असं म्हणून समोर जो कुणी गिऱ्हाईक असेल त्याला अर्धा तास ऐकवत बसायचे. चहा माझ्या हातात गार.

काम मात्र बघत राहावं असं. जुनी मूठ काढायची तर कापायची नाही, हा ह्यांचा हट्ट. टोक घासून बोथट केलेला सायकलचा स्पोक रबराखाली सरकवायचे, त्या फटीत साबणाचं पाणी सोडायचे, आणि मूठ पिळली की अख्खी बाहेर. मग पाइप कोरडा पुसायचा. नवी मूठ बसवताना साबण चालत नाही, तिथे स्पिरिट. स्पिरिटवर रबर सुळकन आत जातं, स्पिरिट उडून जातं आणि रबर पाइपला घट्ट धरतं. साबण उडत नाही, तो आतच राहतो आणि मूठ फिरती ठेवतो. उजवी मूठ बसवताना टोकाला बोटभर जागा सोडायची, म्हणजे रेस सोडल्यावर आपोआप मागे येते. शेवटी डोळे मिटून दोन्ही मुठी पिळून बघायच्या. एवढं झालं की, "जा आता."

साबणाचं पाणी आणि स्पिरिट, दोन्ही एकसारख्या औषधाच्या बाटल्यांत. मी कितीदा म्हटलं, चिठ्ठी चिकटवते, निदान जागा तरी ठरवून ठेवा. पण ह्यांना कमीपणा येतो ना. वास ह्यांना येतच नाही, तरुणपणी गाड्या रंगवायचं काम केलं त्यात नाक गेलं. त्यामुळे बाटलीतला थेंब बोटावर घ्यायचे. गार लागलं आणि उडालं तर स्पिरिट, बुळबुळीत लागलं तर साबण. "बोटांना कळतं," म्हणायचे. तीस वर्षं कळत होतं, हेही खरं.

गेले काही महिने मात्र मला काहीतरी खटकत होतं. शर्टाचं बटण लावायला वेळ लागायचा. एकदा गरम पातेलं चिमट्याशिवाय उचललं आणि तसेच बोलत उभे राहिले. मी ओरडले तेव्हा खाली ठेवलं. विचारलं तर ताकास तूर लागू दिली नाही. उलट मलाच म्हणाले, तुला सगळीकडे आजार दिसतात.

त्या दिवशी सकाळी दुकान झाडून मी दोन्ही बाटल्या गळ्यापर्यंत भरून ठेवल्या आणि मागे घरात स्वयंपाकाला लागले. नर्सबाई आल्याचं ऐकू आलं. डोंगरापलीकडच्या वस्त्यांवर लसी घेऊन जाणारी ही बाई, गाडीला मागे थंड डबा बांधलेला, कायम घाईत. जुन्या मुठी झिजून फिरायला लागल्या होत्या. ह्यांनी नव्या बसवल्या, बाईंना अर्धा तास बसवून ठेवलं, ठरलेलं भाषण दिलं. गाडी गेली.

मी पोळ्या आटोपून हात धुवायला दुकानात आले. स्पिरिटची बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. साबणाची अर्धी झाली होती.

मी पुन्हा बघितलं, वास घेतला.

"अहो, नवी मूठ बसवताना स्पिरिट घातलंत ना?"

"मग काय पाणी घालीन? गार लागलं की बोटाला."

मी दोन्ही बाटल्या उचलल्या. ह्यांना डोळे मिटायला लावले, एका हाताच्या बोटावर एक थेंब, दुसऱ्या हाताच्या बोटावर दुसरा. "सांगा, कुठलं कुठलं?"

हे दोन्ही बोटं अंगठ्यांवर घासत राहिले. मग डोळे उघडून म्हणाले, "दोन्ही सारखंच लागतंय."

"कधीपासून?"

"चार महिने झाले." आणि लगेच, "बाईंना जाऊन किती वेळ झाला?"

वीस मिनिटं झाली होती. मी फोन लावला. वाजत राहिला. बाई गाडी चालवताना फोन घेत नाहीत, शहाणी बाई आहे. एरवी मी तिचं कौतुक केलं असतं. सपाटीवर साबणाची मूठ कशीबशी टिकते, पण डोंगराच्या पलीकडे सगळा उतार. उतारावर अंगाचा भार हातांवर येतो, ब्रेक दाबताना मूठ ओढली जाते. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. मला ते सगळं दिसायला लागलं आणि ह्यांचा भयंकर राग आला.

ह्यांनी आमच्या गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "तू चालव."

लग्नानंतर गाडी मला ह्यांनीच शिकवली होती, पण माझ्या मागे कधी बसले नव्हते. लोक काय म्हणतील म्हणून. त्या दिवशी स्पिरिटची बाटली छातीशी धरून मुकाट्याने बसले. चढावर मी गाडी पिळून काढली. प्रत्येक वळणावर आधी दरीकडे बघायचं, मग रस्त्याकडे. पलीकडचा उतार सुरू झाला तशी मी मनात म्हणायला लागले, तुटू दे हात, मोडू दे पाय, पण बाई जिवंत असू दे. असं म्हटल्याची मला आजही लाज वाटते.

चौथ्या वळणावर गाडी दिसली. कड्याच्या बाजूच्या चरात आडवी. शेजारी दगडावर नर्सबाई बसल्या होत्या, कोपर सोललेलं, मांडीवर लसींचा डबा. हातात डावी मूठ.

मला रडू फुटलं. बाईच मला धीर द्यायला लागल्या. "काही झालं नाही, काकू. मूठ हातात आली तशी गाडी मुद्दाम कड्याकडे घातली. रबरच खराब निघालं असणार. हल्ली माल असाच येतो, काकांचा काय दोष?"

हे सुटले असते. मी खोटं बोलणार नव्हते, पण खरंही सांगणार नव्हते. पण हे पुढे झाले.

"रबर चांगलं होतं, बाई. मी साबण घातला. माझ्या बोटांना काही कळत नाही, आणि मी ते कुणाला सांगितलं नाही."

बाई मग उठल्या. आम्ही तिघांनी मिळून गाडी उभी केली. उजवी मूठही ओढून काढली. पाइप आणि रबर मी पुसले, हे सांगत गेले, "कोरडं कर, अजून, आता आत ओत, हलव, एका दमात ढकल, थांबू नकोस." दोन्ही मुठी मीच बसवल्या आणि मीच पिळून बघितल्या. हालल्या नाहीत. तरी स्पिरिट पुरतं उडेपर्यंत अर्धा तास थांबायचं होतं.

तेवढ्या वेळात बाईंनी पिशवी उघडली. ह्यांना दगडावर बसवलं, हात मांडीवर पसरायला लावले. "काका, डोळे मिटा. मी सुईने टोचते. टोचलं की सांगायचं."

ह्यांनी डोळे मिटले. चेहरा अगदी शाळेत पाठ म्हणायला उभा केल्यासारखा. मी शेजारी उभी होते. बाई खाली वाकल्या, एक बोट, दुसरं, तिसरं. मग सुई बाजूला ठेवून माझ्याकडे बघितलं.

हे तसेच डोळे मिटून बसलेले. तीन बोटांवर रक्ताचे तीन थेंब आले होते.

"टोचा ना, बाई," हे म्हणाले. "मी काही घाबरत नाही."